रद्दीतून वाचलेला मळा

यंदाच्या अंकाचं सूत्र ‘साठवण’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हाच लक्षात आलं की लोणची, मुरंबे आणि धान्याच्या कणग्या यांवर लिहिणारे माझ्याआधी रांगेत उभे असणार. त्याच सुमारास मला इंग्लंडला जायचं होतं. म्हटलं, आपण कागदांची साठवण बघावी. तीही अशा कागदांची, जे साठवावेत असं कुणाच्या मनातही नव्हतं: बियाण्यांचे कॅटलॉग, पाकिटं, कोबी कसा लावावा हे सांगणारी सरकारी पत्रकं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या माणसांनी फुलझाडं काढून बटाटे लावावेत म्हणून हा सगळा कागद छापला गेला. काम झालं की चुलीत घालायचा किंवा रद्दीत द्यायचा, एवढंच त्याचं भविष्य होतं. त्यातला जो वाचला तो कुठे जाऊन बसला, हे मला पाहायचं होतं.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनातून सुटलेली वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या आत रेडिंगला पोचते. आयटीमुळे आपल्याकडची बरीच कुटुंबं या गावात आणि आसपास राहतात, त्यामुळे नाव अनेकांच्या कानावरचं असेल. रेडिंग विद्यापीठाचं ‘म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफ’ इथे आहे. सगळे त्याला ‘मर्ल’ म्हणतात. १९५१ साली ते सुरू झालं. शेतात ट्रॅक्टर आले होते, लाकडी नांगर, कोयते, बैलगाड्यांच्या जातीच्या गाड्या वाड्यावाड्यांतून सरपणात चालल्या होत्या. त्या उचलून आणायच्या आणि जपायच्या, हा मूळ हेतू. २०१८ मध्ये एका धष्टपुष्ट मेंढ्याच्या जुन्या फोटोमुळे हे संग्रहालय समाजमाध्यमांवर जगभर गाजलं. त्या मेंढ्याची लोकप्रियता बघून खालच्या मजल्यावरच्या नांगरांना काय वाटलं असेल कोण जाणे.

संग्रहालय ज्या लाल विटांच्या घरात आहे ते अल्फ्रेड पामर यांचं. हंटली अँड पामर्स या बिस्किटवाल्यांपैकी हे एक. लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम बांधणाऱ्या आल्फ्रेड वॉटरहाउस यांनीच हे घर बांधलं. वाचनकक्षात जायचं तर आधी कळवून वेळ घ्यावी लागते. बॅग बाहेर ठेवायची, पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. जुनं पुस्तक फोमच्या उशीवर ठेवून उघडायचं, म्हणजे त्याच्या पाठीवर ताण येत नाही. कोबीच्या माहितीपत्रकाचा एवढा मानपान मी प्रथमच पाहिला.

बियांचं गाव

रेडिंगची जुनी ओळख तीन धंद्यांची: बिअर, बिस्किटं आणि बिया. बिअर सायमंड्सची, बिस्किटं पामरांची आणि बिया सटन्सच्या. सटन्सची सुरुवात १८०६ ची. जॉन सटन धान्याचे व्यापारी होते; त्यांचा मुलगा मार्टिन होप सटन याने धंदा बियाण्यांकडे वळवला. त्या काळात इंग्लंडमधला बियाण्यांचा बाजार म्हणजे उघडी लबाडी होती. जुनं, मेलेलं बी रंगवून नव्यात मिसळायचं, वजन भरायचं आणि उगवलं नाही तर पावसाला दोष द्यायचा. आपल्याकडे बोगस बियाण्यांच्या बातम्या दर खरिपाला येतात, त्यामुळे हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. सटन्सनी उगवण तपासून बी विकण्यावर नाव कमावलं. बियाण्यांतल्या भेसळीविरुद्ध ब्रिटनमध्ये कायदा झाला तो १८६९ साली. त्याआधीच, १८५८ मध्ये, व्हिक्टोरिया राणीकडून राजघराण्याला बी पुरवण्याचा मान सटन्सला मिळाला होता.

धंदा वाढला तो टपाल आणि रेल्वेच्या जोरावर. १८४० मध्ये पेनीचं टपाल सुरू झालं, त्याच वर्षी रेडिंगला रेल्वे आली. बी हलकं, पाकीट छोटं, टपालाने कुठेही जातं. कॅटलॉग घरी येणार, माणूस हिवाळ्यात शेकोटीपाशी बसून तो चाळणार, फॉर्म भरून पाठवणार. कंपनीची चाचणीची शेतं रेल्वेमार्गाला लागून होती. गाडीत बसलेल्याला खिडकीतून फुलांचे पट्टे दिसत. एवढी स्वस्त आणि मोठी जाहिरात त्या काळात दुसऱ्या कुणी केली नसेल. पुढे १९७०च्या दशकात कंपनी डेव्हनकडे गेली. चाचणीच्या शेतांच्या जागी आता ऑफिसं आहेत आणि त्या भागाला सटन्स बिझनेस पार्क म्हणतात. कंपनीचे कागद मात्र गावातच राहिले, मर्लमध्ये.

शांततेच्या काळातले कॅटलॉग म्हणजे चैन आहे. जाड कागद, रंगीत चित्रं, स्वीट पीच्या जातींची पानंच्या पानं. युद्ध आलं आणि कागदावर नियंत्रण आलं. जाहिरातीचा बाज जाऊन उपयोगाचा बाज आला. बी तरी मुबलक होतं का? तेही नाही. ब्रिटन आपलं बरंचसं भाजीचं बी हॉलंड, डेन्मार्क, फ्रान्स इथून आणत असे. १९४० च्या उन्हाळ्यापर्यंत हे तिन्ही देश जर्मनीच्या ताब्यात गेले. मग देशातच बी धरणं वाढवावं लागलं आणि अमेरिकेतूनही बी आलं. बी धरायचं म्हणजे झाड फुलून वाळेपर्यंत जमीन अडवून ठेवायची. कोबीचं बी हवं असेल तर त्या वर्षी त्या झाडाचा कोबी खायचा नाही. भुकेच्या काळात हे गणित कुणाच्याही गळी उतरायला कठीण.

अडीच गुंठे

युद्धापूर्वी ब्रिटनच्या अन्नातला साधारण दोन तृतीयांश वाटा बाहेरून बोटीने येत असे. जर्मन पाणबुड्या त्या बोटी बुडवत होत्या. त्यामुळे देशात उगवलेला प्रत्येक बटाटा म्हणजे बोटीतली तेवढी जागा मोकळी, असा सरळ हिशेब होता. ऑक्टोबर १९३९ मध्ये कृषिमंत्री सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी लोकांना पाच लाख नव्या ‘अलॉटमेंट्स’ कसायला सांगितल्या. (डॉर्मन-स्मिथ हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.) अलॉटमेंट म्हणजे नगरपालिकेने नाममात्र भाड्याने दिलेला भाजीपाल्याचा तुकडा. १९०८ च्या कायद्याने असे तुकडे देणं पालिकांना बंधनकारक होतं. ‘डिग फॉर व्हिक्टरी’, म्हणजे विजयासाठी खणा, ही घोषणा तिथून भिंतीभिंतींवर गेली. १९३९ मध्ये अलॉटमेंट्स सुमारे ८ लाख होत्या. १९४३ पर्यंत त्या १४ लाखांच्या घरात पोचल्या. लंडनच्या टॉवरभोवतीच्या कोरड्या खंदकातसुद्धा भाजी लावली गेली.

मोहिमेचं पत्रक क्रमांक १ हातात घेतलं की या सगळ्यामागचं डोकं कळतं. घडीचं पत्रक, आत एक आराखडा. लांबी ९० फूट, रुंदी ३० फूट; इथल्या मापात दहा रॉड, आपल्या हिशेबाने जेमतेम अडीच गुंठे. त्याचे तीन भाग. एकात वाटाणा, घेवडे, कांदा, लीक. दुसऱ्यात बटाटा, गाजर, पार्सनिप. तिसऱ्यात कोबीचं सगळं गणगोत. पुढच्या वर्षी हे भाग आपसांत बदलायचे, म्हणजे एकाच जागी तेच पीक येऊन कीड आणि रोग मुक्काम करत नाहीत. फेरपालट आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको, पण बँकेत नोकरी करणाऱ्या लंडनकराला ती चित्र काढूनच सांगावी लागली. सोबत तक्ता: कोणतं बी कधी पेरायचं, दोन ओळींत किती इंच, दोन रोपांत किती इंच, खायला कधी मिळणार.

शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. हौशी माळ्याची जुनी खोड अशी की जुलै-ऑगस्टमध्ये भाजी इतकी पिकवायची की शेजारी दार उघडेनासे होतात, आणि फेब्रुवारीत रिकाम्या जमिनीकडे बघत बसायचं. सरकारला नेमका फेब्रुवारी भरून काढायचा होता. म्हणून आराखड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा हिवाळ्यातल्या पालेभाज्यांना: केल, ब्रसेल्स स्प्राउट्स, सॅव्हॉय कोबी. या भाज्या कुणाला फारशा आवडत नव्हत्या, पण गोठवणाऱ्या थंडीतही त्या शेतात उभ्या राहतात. पत्रक लिहिणाऱ्याने चवीचा विचार केलेला नाही, मार्च महिन्याचा केला आहे. एवढं निर्विकार आणि एवढं नेमकं सरकारी लिखाण मी फार कमी वाचलं आहे.

पत्रक क्रमांक ७ कंपोस्टचं. घोडे कमी झाले, शेणखत मिळेना, रासायनिक खतांचा कच्चा माल दारूगोळ्याकडे वळला. तेव्हा बागेतला पालापाचोळा कुजवा, असा सल्ला. १९४२ मध्ये सरकारने घरगुती मळ्यांसाठी ‘नॅशनल ग्रोमोअर’ नावाचं एकच ठरावीक खत बाजारात आणलं: नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी ७ टक्के. ते खत आजही ब्रिटनमध्ये ग्रोमोअर याच नावाने मिळतं. आणि पत्रक न वाचणाऱ्यांसाठी रेडिओ होता. बीबीसीवर रविवारी दुपारी सी. एच. मिडल्टन नावाचे गृहस्थ संथ आवाजात बागकामावर बोलत. युद्धापूर्वी ते गुलाबांवर बोलायचे. युद्धात त्यांना कांद्यावर बोलावं लागलं.

कांद्याची सोडत

मालिकेतलं पत्रक क्रमांक २ कांद्याचं आहे. कांदा, लीक, शॅलॉट, लसूण. क्रमांक पाहूनच प्रकरण किती गंभीर होतं ते कळतं. युद्धापूर्वी ब्रिटनचा बहुतेक कांदा बाहेरचा होता. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या रॉस्कॉफ बंदरातून माणसं बोटीने कांदे घेऊन येत, सायकलच्या दांड्यावर कांद्याच्या वेण्या लटकवून दारोदार विकत. ब्रिटिश बायका त्यांना ‘ऑनियन जॉनी’ म्हणत. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, जॉनी यायचे बंद झाले. थोड्याच दिवसांत चॅनेल बेटंही जर्मनांच्या हाती गेली; तिथूनही कांदा येत असे.

त्या हिवाळ्यात आणि १९४१ च्या सुरुवातीला कांदा दिसेनासा झाला. ऑफिसांत एकेका कांद्याची सोडत निघाली, तिकिटं विकून पैसे युद्धनिधीला दिले गेले. वाढदिवसाला कांदा भेट द्यायची चेष्टा चेष्टा राहिली नाही. कांद्याने आपल्याकडे सरकारं पाडली आहेत. तिथे निदान सरकार टिकलं, आणि पुढच्या हंगामात कांदा लावायची सक्तीवजा विनवणी करणारी पत्रकं निघाली.

गाजराचं नशीब उलटं. १९४२ च्या सुमारास गाजर इतकं पिकलं की ते खपवायचं कसं हा प्रश्न पडला. मग ‘डॉक्टर कॅरट’ नावाचं गाजराचं चित्रपात्र अवतरलं आणि गाजर खाल्ल्याने अंधारात दिसतं हे ब्लॅकआउटने वैतागलेल्या जनतेला सांगण्यात आलं. रात्री जर्मन विमानं पाडणारे वैमानिक जॉन कनिंगहॅम यांच्या नजरेचं श्रेयही गाजराला गेलं. त्यांच्या विमानात रडार बसवलेलं होतं, हे अर्थातच गुपित होतं. गाजरातल्या अ जीवनसत्त्वाने रातांधळेपणावर गुण येतो, पण धडधाकट डोळ्यांना त्याने मांजराची नजर येत नाही. युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली, तरी पुण्या-मुंबईतल्या आया अजूनही मुलांना गाजर खाऊ घालताना तेच सांगतात.

सूटकेसमधली फुलं

भाजीला जागा द्यायची म्हणजे फुलांची जागा काढून घ्यायची. व्यापारी फुलशेतीवर आदेशांनी मर्यादा आल्या, काचघरांत टोमॅटो लावायची सक्ती झाली. नंतर रेल्वेने फुलं पाठवायलाही बंदी आली, कारण डब्यांतली जागा युद्धाला हवी. पण कॉर्नवॉल आणि सिली बेटांवर डॅफोडिल वेळेवर फुलायचे ते फुललेच, आणि बॉम्बने पोळलेल्या लंडनमध्ये त्यांना सोन्याचा भाव. मग माणसं सूटकेस भरून फुलं घेऊन गाडीत बसू लागली. पोलीस प्रवाशांच्या बॅगा उघडून फुलं जप्त करू लागले. पुरेशी शोभा झाल्यावर बंदी सैल करावी लागली.

पत्रकांचा निर्विकार सूर इथे थिटा पडतो, असं मला वाटतं. माणसाला फेब्रुवारीत काय खायला लागेल हे त्या तक्त्यांना पक्कं ठाऊक होतं. फेब्रुवारीत माणूस पिवळ्या फुलांच्या जुडीसाठी अटक ओढवून घेईल, याला त्यांत रकाना नव्हता.

युद्ध रेडिंगपासूनही लांब राहिलं नाही. १० फेब्रुवारी १९४३ ला एका जर्मन विमानाने भर गावात बॉम्ब टाकले. सटन्सचं दुकान ज्या मार्केट प्लेसमध्ये होतं त्याच्या जवळच ‘पीपल्स पॅन्ट्री’ नावाचं सार्वजनिक भोजनगृह होतं. माफक दरात गरम जेवण देणारी अशी भोजनगृहं सरकारने गावोगावी काढली होती. बॉम्ब तिथे पडला. त्या दिवशी गावात ४१ माणसं मेली. बुधवार होता, दुकानं अर्धा दिवस बंद ठेवायचा वार. नाहीतर आकडा वाढला असता.

रंगूनचा तांदूळ

आता डॉर्मन-स्मिथ यांच्याकडे येऊ. मे १९४० मध्ये त्यांचं कृषिमंत्रिपद गेलं आणि १९४१ मध्ये ते ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं. गव्हर्नरसाहेब निसटले आणि त्यांचं सरकार सिमल्यात येऊन बसलं. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात येणारा तांदूळ थांबला. हा तांदूळ बंगालात जायचा तसा मुंबई इलाख्यातही यायचा. कोकणात आणि मुंबईच्या चाळींत रंगूनचा तांदूळ रोजच्या ताटातला होता. १९४२ मध्येच हिंदुस्थान सरकारने ‘ग्रो मोअर फूड’, म्हणजे अधिक धान्य पिकवा, ही मोहीम काढली. लंडनची घोषणा, थोडी बदलून.

मुंबईत मे १९४३ मध्ये धान्याचं रेशनिंग सुरू झालं. भात खाणाऱ्यांच्या पिशवीत ज्वारी, बाजरी, गहू पडू लागले. लोकांनी कुरकुर केली, पण जगले. त्याच वर्षी बंगालात दुष्काळ पडला आणि सुमारे ३० लाख माणसं मेली. दिल्लीने धान्यासाठी जहाजं मागितली, तेव्हा लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने मागणीच्या मानाने फारच थोडी मंजूर केली. ब्रिटनमधल्या परसांतले बटाटे ज्या जहाजांतली जागा वाचवत होते, तीच ही जहाजं. सटन्सची एक शाखा कोलकात्यातही होती, साहेबांच्या बंगल्यांना आणि मळेवाल्यांना बी पुरवणारी.

रेडिंगच्या त्या उबदार कक्षात पत्रक क्रमांक १ ची नेटकी आखणी बघताना हे डोक्यातून जाईना. पत्रक खोटं नाही. पण ते कामी आलं, कारण त्याच्यामागे जानेवारी १९४० पासूनचं रेशनिंग होतं, ठरलेल्या किमती होत्या, बोटींना संरक्षण होतं. अडीच गुंठ्यांत माणसाला वर्षभराची भाजी मिळते. पाव, साखर, चरबी दुसरीकडून यावी लागते. ‘विजयासाठी खणा’चं कौतुक करणारे आजचे लेख ही बाजू बहुधा गाळतात आणि फावड्यावर टाच रोवलेल्या बुटाचं ते पोस्टर तेवढं छापतात. खणायला जमीन आणि दोन वेळची बाकीची सोय असलेल्यांसाठी ती मोहीम होती. बंगालातल्या भूमिहीन मजुराला पत्रक वाटून काय फरक पडणार होता?

कागद वाचला कसा

गंमत अशी की पत्रकं वाटणारं सरकारच रद्दीही मागत होतं. कागद, हाडं, भंगार, उष्टं अन्न, सगळं वेगवेगळ्या डब्यांत द्या, असा आग्रह. रद्दीच्या लगद्यातून काडतुसांची वेष्टनं आणि खोकी बनत. देशप्रेमाच्या भरात लोकांनी जुने दस्तऐवजही काढून दिले. जुन्या कागदपत्रांची काळजी वाहणाऱ्या मंडळींनी ओरड केली तेव्हा थोडं भान आलं. म्हणजे आज मर्लमध्ये दिसणारं कांद्याचं पत्रक चुलीतून, ओलीतून, उंदरांतून आणि देशभक्तीतूनही वाचलेलं आहे.

वापरून टाकायच्या कागदांकडे गंभीरपणे बघणारं एक केंद्रही याच रेडिंग विद्यापीठात आहे. १९९३ पासून तिथे तिकिटं, लेबलं, पावत्या, हँडबिलं यांचा अभ्यास चालतो. मॉरिस रिकर्ड्स या संग्राहकाचा संग्रह हा त्याचा पाया. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात सरकारी फायली आहेत; त्यांच्यावर कुणीतरी अधिकाऱ्याने सही केलेली असते, म्हणून त्या राहतात. सही नसलेल्या कागदाला आपल्याकडे रद्दीवाल्याचा तराजू आहे.

एक उणीव मात्र रेडिंगलाही चुकलेली नाही. छापील कागदावरून लोकांना काय करायला सांगितलं ते कळतं. लोकांनी काय केलं ते हस्तलिखितातून कळतं, आणि कोणत्या ओळीत काय लावलं, गोगलगायींनी काय खाल्लं याची नोंद वहीत ठेवणारे माळी मुळातच थोडे.

युद्ध संपलं, पण टंचाई संपली नाही. युद्धात कधीही रेशनवर न गेलेला पाव १९४६ मध्ये रेशनवर गेला. रेशनिंग पुरतं संपायला १९५४ उजाडलं. बागा मात्र त्याआधीच हिरवळीकडे परतल्या आणि अलॉटमेंट्सची संख्या घसरत गेली. गेल्या काही वर्षांत त्यांना पुन्हा मागणी आली आहे, गावोगावी प्रतीक्षायादी असते. बऱ्याच ठिकाणी तुकडा अजूनही रॉडमध्येच मोजतात.

रेडिंगजवळ असा पाच रॉडचा तुकडा कसणाऱ्या एक बाई भेटल्या. माहेर निफाडचं. मेथी, कोथिंबीर, घेवडा, आणि जाळीखाली कोबी, कारण कबुतरं पानं कुरतडतात. मी कांद्याचं विचारलं.

“ताई, नाशिकच्या लाल कांद्याच्या जाती इथे चालत नाहीत. उन्हाळ्यात इथला दिवस सोळा तासांचा. आपल्या जातींना वाटतं, झाली वेळ, बांधा गड्डा! लिंबाएवढे होऊन बसतात. इथल्याच जाती लावाव्या लागतात.”

“हे सगळं लिहून ठेवता का कुठे?”

“ठेवते की. पेरणी, काढणी, थंडी कधी पडली, सगळं कालनिर्णयच्या चौकोनांत. दुधाचा हिशेब नाही इथे, जागा रिकामीच असते.”

“आणि वर्ष संपल्यावर?”

“रिसायकलिंगचा डबा,” त्या म्हणाल्या. “नवीन कालनिर्णय येतं ना.”